लॉग फाइल गप्प आहे, पण का? लॉगिंगचं बिघडलेलं कॉन्फिगरेशन वेळेत कसं पकडायचं

एका गळीत हंगामातली गोष्ट आहे. जानेवारीतली रात्र, थंडी मजबूत, आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलींची रांग पार गेटच्या बाहेर रस्त्यापर्यंत आलेली. काट्याचं सॉफ्टवेअर आमच्याकडं होतं. तीन शेतकऱ्यांची तक्रार आली की पावतीवर रिकाम्या गाडीचं वजन आदल्या खेपेचंच छापून आलंय, म्हणजे गाडी गव्हाणीत खाली करून परत काट्यावर आली पण आकडा जुनाच. रिकामं वजन जास्त धरलं गेलं की ऊस कमी भरतो आणि ऊस कमी भरला की बिल कमी, त्यामुळं विषय साधा नव्हता. मी लगेच लॉग बघायला घेतला, कारण काट्याच्या इंडिकेटरकडून सिरियल पोर्टवर जो जो आकडा येतो तो आम्ही वेळेसकट लॉगमध्ये लिहितो. फाइल उघडली तर शेवटची ओळ नऊ दिवसांपूर्वीची.

नऊ दिवसांपूर्वी आम्ही नवीन व्हर्जन टाकलं होतं. त्यात रिपोर्ट छापायची एक लायब्ररी नव्यानं घातली होती, तिनं आपल्याबरोबर लॉगफोरजे २ (जावाचं लॉग लिहिणारं एक फ्रेमवर्क) आणि त्याला जोडणारी जार (जावाच्या कोडची बांधलेली फाइल) आणली, आमचं सगळं कॉन्फिगरेशन होतं लॉगबॅकचं, म्हणजे तसल्याच दुसऱ्या फ्रेमवर्कचं. दोघांपैकी उचललं गेलं लॉगफोरजे. त्याला त्याची कॉन्फिगरेशन फाइल सापडली नाही म्हणून ते डिफॉल्टवर गेलं, आणि त्याचं डिफॉल्ट म्हणजे फक्त एरर आणि त्याच्या वरच्या ओळी, त्याही कन्सोलवर, म्हणजे प्रोग्रामच्या काळ्या स्क्रीनवर. आमचा प्रोग्राम विंडोज सर्व्हिस म्हणून चालतो, तिथं कन्सोल बघणारं कुणीच नाही. प्रोग्राम मात्र एकदम व्यवस्थित चालू, पावत्या छापतोय, कुठं लाल दिवा नाही. शेवटी काट्यावरच्या क्लार्क मामांनी स्वतःच्या समाधानासाठी हातानं लिहून ठेवलेली वही होती, तिच्यावरनं आम्ही दोन दिवस बसून एकेक खेप जुळवली आणि शेतकऱ्यांचे पैसे बरोबर निघाले. मामांनी वही ठेवली नसती तर आमच्याकडं दाखवायला काहीच नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक प्रोजेक्टला मी लॉगिंगची तपासणी वेगळी करतो, ती कशी करायची ते इथं सगळं सविस्तर लिहितोय. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इकडच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी बरीच पोरं जावा, पायथन नाहीतर डॉटनेटमध्ये काम करतात म्हणून तिन्हीचं घेतलंय, जावाचं जरा जास्त आहे कारण गोंधळही तिथंच जास्त आहे. कमांड आणि सेटिंगची नावं मी आपल्या लिपीत बोलल्यासारखी लिहिलीयत, टाइप करताना इंग्रजीत करायची एवढं लक्षात घ्या.

आधी हे समजून घ्या की लॉगिंग गप्प का मरतंय

डेटाबेसचा पासवर्ड चुकला की प्रोग्राम चालूच होत नाही, लगेच कळतं. लॉगिंगचं तसं नाही. लॉगिंगची फ्रेमवर्क मुद्दाम अशी बनवलीयत की त्यांच्यामुळं मूळ काम थांबू नये, नोंद लिहिता आली नाही म्हणून माणसाचं बिल अडकायला नको हा त्यामागचा विचार, आणि तो विचार बरोबरच आहे. पण त्याची किंमत अशी की कॉन्फिगरेशन चुकलं तरी ते ओरडत नाही, डिफॉल्टवर जातं. आणि प्रत्येकाचं डिफॉल्ट वेगळं असतंय. लॉगबॅकला फाइल सापडली नाही तर डीबग लेव्हलपासून (ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर अशा ओळींच्या महत्त्वाच्या चढत्या लेव्हल असतात) सगळं कन्सोलवर ओततंय, लॉगफोरजे २ फक्त एरर दाखवतंय, एसएलएफफोरजेला (हा जावातला नुसता मधला दरवाजा, पायरी ३ मध्ये सांगतो) मागं कुठलंच फ्रेमवर्क मिळालं नाही तर एक इशारा देऊन पुढचं सगळं गिळून टाकतंय, पायथन वॉर्निंग आणि त्यावरचं तेवढं स्टँडर्ड एररवर टाकतंय, आणि डॉटनेटमधलं सेरीलॉग तर लॉगर नेमून दिला नसेल तर पूर्ण शांत. ही यादी पाठ करून ठेवा, कारण "काय दिसतंय आणि काय दिसत नाही" यावरनंच अर्धं निदान होतंय. फक्त एररच्या ओळी येतायत आणि इन्फो गायब? लॉगफोरजे २ डिफॉल्टवर गेलंय का ते पहिलं बघा. एकाएकी डीबगचा महापूर आलाय? लॉगबॅकला फाइल सापडली नाही.

महापूर म्हटलं की आपल्याकडं पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेलं की धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतंय. लॉगिंगच्या लेव्हल म्हणजे अगदी तेच, वॉर्न म्हणजे इशारा, एरर म्हणजे धोका. आता समजा जुलैत एखाद्या दिवशी बंधाऱ्यावरनं पातळीचा आकडाच आला नाही, तर पाणी वाढलं नाही असं आपण धरतो का? नाही धरत, आधी फोन करून विचारतो की पातळी मोजली का. लॉग फाइल रिकामी दिसली की हाच प्रश्न आधी विचारायचा, आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका प्रश्नासाठीच आहेत.

पायरी १: प्रत्येक लेव्हलची एक ओळ मुद्दाम टाका

प्रोग्राम चालू झाल्याझाल्या पाच ओळी लिहा, ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर, प्रत्येकी एक, आणि प्रत्येक ओळीत एक वेगळा ओळखू येणारा शब्द घाला, मी "काटातपासणी" आणि पुढं त्या वेळेचा आकडा घालतो म्हणजे सर्चला सोपं जातंय. मग बघायचं की कुठली ओळ कुठं पोचली. कॉन्फिगरेशनप्रमाणं फाइलमध्ये इन्फो, वॉर्न, एरर अशा तीन ओळी यायला हव्यात आणि कन्सोलवर एकच, तर बरोबर तेवढंच आलंय का. कमी आलं तरी बिघाड, जास्त आलं तरी बिघाड. एकच ओळ दोनदा आली तर तोही बिघाड, त्याचं कारण पुढं सांगतो.

हे डेव्हलपमेंटच्या मशीनवर करून उपयोग नाही, ही चूक लई जण करतात. आयडीईमधून (कोड लिहायच्या प्रोग्राममधून) चालवताना क्लासपाथ (जावा जिथं जार आणि फाइली शोधतं ती यादी) वेगळा, चालू फोल्डर वेगळं, युजर तुम्ही स्वतः. सर्व्हरवर तोच प्रोग्राम सर्व्हिस म्हणून वेगळ्या युजरनं, वेगळ्या फोल्डरमधनं चालतो. जी जार गिऱ्हाइकाकडं जाणार तीच, ज्या पद्धतीनं चालणार त्याच पद्धतीनं चालवून बघा.

पायरी २: फ्रेमवर्कनं नक्की कुठली फाइल वाचली ते त्यालाच विचारा

आपण ज्या फाइलमध्ये बदल करतोय ती फाइल वाचलीच जात नाही, हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रकार. तासन् तास लेव्हल बदलत बसतो आणि काहीच फरक पडत नाही. म्हणून अंदाज न लावता फ्रेमवर्कचं स्वतःचं आतलं बोलणं चालू करायचं, जवळजवळ प्रत्येकात ती सोय आहे.

लॉगबॅकमध्ये कॉन्फिगरेशन या सगळ्यात वरच्या टॅगवर डीबग इक्वल ट्रू टाका. यानं तुमच्या ओळींची लेव्हल बदलत नाही, फक्त लॉगबॅक स्वतः काय करतंय ते कन्सोलवर सांगायला लागतंय, कुठली फाइल शोधली, कुठली सापडली आणि कुठल्या पाथवर, कुठला अपेंडर (ओळी फाइलमध्ये किंवा कन्सोलवर लिहिणारा भाग) उभा राहिला. पण गंमत अशी की फाइलच वाचली जात नसेल तर त्या फाइलमधलं डीबगही कुणी वाचणार नाही, अशा वेळी जावाच्या कमांडमध्येच हायफन मोठा डी लावून स्टेटस लिसनर क्लास ही लॉगबॅकची प्रॉपर्टी द्यायची आणि तिला ऑन कन्सोल स्टेटस लिसनर हा क्लास त्याच्या पूर्ण पॅकेज नावासकट द्यायचा. मग फाइल नसली तरी बोलतंय. एकाच नावाच्या दोन फाइली वेगवेगळ्या जारमध्ये असतील तर ती फाइल क्लासपाथवर अनेकदा आहे असा इशारा त्यात स्पष्ट येतो, तो दिसला की समजायचं दुसऱ्या कुणाची तरी फाइल आपल्यावर बसलीय. आणि नावात टेस्ट असलेली लॉगबॅक फाइल आधी शोधली जाते, मग साधी, त्यामुळं टेस्टची फाइल चुकून मुख्य जारमध्ये गेली तर तीच जिंकते.

लॉगफोरजे २ ला कमांडमध्ये लॉगफोरजे२ डॉट डीबग ही प्रॉपर्टी द्या, नाहीतर फाइलमध्ये कॉन्फिगरेशन टॅगवर स्टेटस डीबग करा. इथं नावाचा घोळ भरपूर होतो. जुन्या १ व्हर्जनची फाइल लॉगफोरजे डॉट एक्सएमएल, नव्याची लॉगफोरजे२ डॉट एक्सएमएल, तो २ चा एक आकडा राहिला की नवं व्हर्जन त्या फाइलकडं बघत नाही. तसंच यामल फाइल घातली पण यामल वाचणारी जॅक्सनची जार घातली नाही तर फाइल डोळ्यासमोर असून वाचली जात नाही.

स्प्रिंग बूट वापरत असाल तर एक बरं आहे, लॉगबॅकच्या कॉन्फिगरेशनमध्ये खरी एरर असेल तर ते प्रोग्राम चालूच होऊ देत नाही, सरळ एक्सेप्शन फेकतं. पण ॲप्लिकेशन प्रॉपर्टीजमधली की चुकली तर तेही गप्प. लॉगिंग डॉट फाइल ही जुनी की २.२ मध्ये बाद ठरवली आणि २.३ मध्ये काढून टाकली, आता लॉगिंग डॉट फाइल डॉट नेम लागतं. जुना प्रोजेक्ट वर चढवला, की तशीच राहिली, प्रोग्राम मस्त चालू आणि फाइल तयारच होत नाही. असा प्रकार मी स्वतः दोन ठिकाणी बघितलाय. आणि स्प्रिंगच्या प्रोफाइलचे टॅग वापरायचे असतील तर फाइलचं नाव लॉगबॅक हायफन स्प्रिंग असंच ठेवा, साध्या नावाच्या फाइलमध्ये ते टॅग चालत नाहीत.

डॉटनेटवाल्यांसाठी: लॉगफोरनेटला ॲप सेटिंग्जमध्ये इंटर्नल डीबग ट्रू करा, आणि कॉन्फिगर करणारी ओळ कुणी कॉलच केली नाही असं तर नाही ना ते बघा, कारण ती नसली तर कॉन्फिग फाइल कितीही सुंदर असली तरी कुणी वाचत नाही. एनलॉगमध्ये इंटर्नल लॉग फाइल आणि इंटर्नल लॉग लेव्हल अशा दोन गोष्टी आहेत, त्या द्या, आणि थ्रो कॉन्फिग एक्सेप्शन्स ट्रू करा म्हणजे चुकीच्या कॉन्फिगरेशनला ते एक्सेप्शन देतंय, मूळ सेटिंग फॉल्स असतं. व्हिज्युअल स्टुडिओत कॉन्फिग फाइलवर आउटपुट फोल्डरला कॉपी करा हे सेटिंग राहिलं तर फाइल सर्व्हरवर पोचतच नाही. सेरीलॉगला सेल्फलॉग एनेबल करून ते स्टँडर्ड एररला जोडा.

पायरी ३: जावा असेल तर क्लासपाथ उकलून बघा

आमच्या काट्याचा घात इथंच झाला होता म्हणून यावर जरा थांबतो.

एसएलएफफोरजे हा नुसता दरवाजा आहे, मागं काम करणारा वेगळा लागतो, लॉगबॅक, लॉगफोरजे किंवा कुणीतरी. मागं कुणी नसला तर २.० च्या आधीच्या व्हर्जनमध्ये स्टॅटिक लॉगर बाइंडर लोड झाला नाही अशी ओळ येते, २.० पासून प्रोव्हायडर सापडले नाहीत अशी येते, दोन्हीचा अर्थ एकच की पुढचं सगळं लिखाण हवेत. मागं दोघं असले तर क्लासपाथवर अनेक प्रोव्हायडर आहेत असं सांगून ते एकाला निवडतं, आणि कुणाला निवडलं ती ओळही छापतं, पण ही सगळी बडबड स्टँडर्ड एररवर, प्रोग्राम उठतानाच्या पहिल्या दोनचार ओळींत. सर्व्हिसचं स्टँडर्ड एरर कुठंही साठवत नसाल तर ही ओळ कायमची गेली. म्हणून नियमच करा, सर्व्हिसचं स्टँडर्ड आउट आणि स्टँडर्ड एरर दोन्ही एका साध्या फाइलमध्ये वळवायचं, लॉगिंग फ्रेमवर्कच्या भरवशावर न ठेवता. आमच्याकडं एवढं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आणखी एक खाच आहे. एसएलएफफोरजे २.० घेतलं आणि मागची जोडणारी जार १.७ च्या काळातली राहिली, तर नवं व्हर्जन जुन्या जोडणीकडं दुर्लक्ष करतं. जार आहे, फोल्डरमध्ये दिसतेय, तरी लॉग नाही. लॉगफोरजे २ साठी १.७ वाली आणि २ वाली अशा दोन वेगळ्या जार आहेत, नावात फक्त एसएलएफफोरजेच्या पुढं २ चा फरक. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरशेलची ती मोठी सिक्युरिटी भानगड झाली तेव्हा सगळ्यांनी रात्रीतनं जार बदलल्या, आधी २.१५, मग २.१६, मग २.१७, आणि अशा घाईत एक जार नवी एक जुनी असं राहून जाणं सहज होतं. तेव्हा बदललेला प्रोजेक्ट अजून चालू असेल तर एकदा तपासून घ्या.

तपासायचं कसं, तर मेव्हनला डिपेंडन्सी ट्री काढायची, ग्रेडलला डिपेंडन्सीज, आणि त्यात लॉगबॅक, लॉगफोरजे, एसएलएफफोरजे, कॉमन्स लॉगिंग हे शब्द शोधायचे. ज्या लायब्ररीतनं नको असलेली जोडणी येतेय तिथं एक्स्क्लूजन लावायचं. लॉगफोरजे-ओव्हर-एसएलएफफोरजे आणि एसएलएफफोरजे-लॉगफोरजे१२ या दोन जार एकत्र कधी ठेवू नका, एक म्हणते इकडून तिकडं पाठव, दुसरी म्हणते तिकडून इकडं पाठव, आणि ओळ गोल फिरून स्टॅक ओव्हरफ्लो होतंय.

शेवटी फोल्डरमधल्या खऱ्या जार डोळ्यांनी बघा. आपण नवं व्हर्जन जुन्या फोल्डरवर कॉपी करतो तेव्हा जुन्या जार तिथंच पडून राहतात, ट्री स्वच्छ दिसते आणि सर्व्हरवर दोन्ही असतात.

पायरी ४: फाइल वाचली, पण लिहायला जागा आहे का

कॉन्फिगरेशन बरोबर वाचलं गेलं तरी अपेंडर उभा राहिला पाहिजे. पहिला संशय पाथवर घ्या. नुसतं "लॉग्ज फोल्डर" असा रिलेटिव्ह पाथ दिला तर तो प्रोग्राम जिथनं चालू होतो तिथनं मोजला जातो. विंडोज सर्व्हिसचं चालू फोल्डर असतं सिस्टम३२, लिनक्सवर सिस्टमडीच्या सर्व्हिसला वर्किंग डिरेक्टरी दिली नसेल तर थेट रूट. तिथं लिहायची परवानगी नाही म्हणून अपेंडर पडतो, किंवा परवानगी असते आणि लॉग भलतीकडंच साठत बसतो. पूर्ण पाथ द्या, विषय संपला.

परवानगी तपासताना आपल्या लॉगिननं तपासू नका. लिनक्सवर सुडो हायफन यू लावून सर्व्हिसच्या युजरनं त्या फोल्डरमध्ये टच करून बघा. एकदा ॲडमिननं हातानं प्रोग्राम चालवून बघितला आणि फाइल रूटच्या नावावर तयार झाली, मग सर्व्हिस आपल्या युजरनं उठली तर तिला ती फाइल उघडेना, असं पण होतंय.

एकाच फाइलवर दोन अपेंडर लावले असतील तर लॉगबॅक दुसऱ्याला चालूच करत नाही, स्टेटसमध्ये तसं लिहितंय. लॉगफोरनेटचा फाइल अपेंडर मुळात फाइल पूर्ण अडवून ठेवतो, त्यामुळं प्रोग्रामच्या दोन प्रती चालू असतील तर दुसरीच्या ओळी जातात. पायथनमध्ये अनेक प्रोसेसनी एकाच फाइलवर लिहिणं त्यांच्या डॉक्युमेंटेशनप्रमाणंच चालत नाही, गनिकॉर्नच्या (पायथनचा वेब सर्व्हर) चार वर्करनी एकच रोटेट होणारी फाइल धरली तर रोटेशनच्या वेळी ओळी हरवतात.

लॉगरला अपेंडरचं नाव देताना एका अक्षराची चूक झाली तरी प्रोग्राम चालतो. स्टेटसच्या बडबडीत तो अपेंडर सापडला नाही अशी ओळ असतेय, तेवढी शोधा.

पायरी ५: लेव्हल, वारसा आणि पायथनचे दोन खड्डे

एक ओळ फाइलपर्यंत जायला तिला दोन ठिकाणी परवानगी लागते, लॉगरची लेव्हल आणि अपेंडरवरचा फिल्टर, पायथनमध्ये हँडलरची (तिथल्या अपेंडरची) लेव्हल. रूट (सगळ्यात वरचा लॉगर) डीबगवर ठेवला पण हँडलर वॉर्निंगवर असेल तर डीबग दिसणार नाही. उलटं, ओळ दोनदा येत असेल तर लॉगरला एक अपेंडर आहे आणि रूटलाही तोच आहे आणि ओळ वर चढत जातेय, तिथं ॲडिटिव्हिटी फॉल्स, पायथनला प्रोपगेट फॉल्स. आमच्याकडं नवीन आलेली पोरं दुहेरी ओळींकडं दुर्लक्ष करतात, पण डिस्क निम्म्या वेळात भरते.

पायथनचा पहिला खड्डा बेसिक कॉन्फिग. रूटला आधीच एखादा हँडलर असेल तर हे फंक्शन काहीही न करता परत येतं, एररही नाही. तुमच्या आधी इम्पोर्ट झालेल्या लायब्ररीनं हँडलर लावला असेल, किंवा एडब्ल्यूएस लॅम्डासारख्या ठिकाणी तो आधीच लावलेला असतोय, की तुमचं फॉरमॅट, लेव्हल, फाइल सगळं बाद. पायथन ३.८ पासून फोर्स ट्रू आहे, ते द्या.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. डिक्ट कॉन्फिग आणि फाइल कॉन्फिग दोन्हीमध्ये डिसेबल एक्झिस्टिंग लॉगर्स हे मूळचं ट्रू आहे. म्हणजे कॉन्फिगरेशन लोड व्हायच्या आधी ज्या ज्या मॉड्यूलनी वर आपला लॉगर बनवून ठेवला, ते कॉन्फिगमध्ये नावानं नसतील तर बंद. मुख्य फाइलच्या ओळी येतात, बाकी मॉड्यूल मुकी. लक्षण असं ओळखायचं: इम्पोर्टचा क्रम बदलला की लॉग येतो-जातो. फॉल्स करून टाका, प्रत्येक प्रोजेक्टमध्ये, विचार न करता. कुठला लॉगर कुठल्या हँडलरला जोडलाय हे झाडासारखं बघायचं असेल तर लॉगिंग ट्री नावाचं छोटं पॅकेज आहे, तो एक प्रिंट काढला की पाच मिनिटांत उत्तर.

जाता जाता, वेळेचं पण बघा. कंटेनर बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक वेळेवर) चालतो, आपण सकाळी आठचा लॉग शोधतो आणि तो अडीचच्या नावानं पडलेला असतो, साडेपाच तास मागं. लॉग गायब आहे म्हणून फोन आलेत मला यासाठी.

पायरी ६: सुरुवातीला ठीक, नंतर बंद

असिंक अपेंडर (ओळी आधी रांगेत ठेवून मागनं लिहिणारा) वापरत असाल तर लॉगबॅकचं डिफॉल्ट जाणून घ्या. रांग २५६ ओळींची, आणि तिच्यात २० टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की ट्रेस, डीबग आणि इन्फोच्या ओळी टाकून दिल्या जातात, वॉर्न आणि एरर राहतात. म्हणजे हंगामाच्या ऐन गर्दीत, जेव्हा इन्फो सगळ्यात जास्त हवी, तेव्हाच ती गळतेय. डिसकार्डिंग थ्रेशहोल्ड शून्य करा, मग काही टाकून देत नाही, फक्त रांग भरली तर प्रोग्राम क्षणभर थांबतो. वजनकाट्याला मी ते थांबणं पत्करतो, पैशाच्या नोंदीची ओळ गेलेली मला चालत नाही. प्रोग्राम बंद होताना रांग रिकामी करणंही लागतं, सेरीलॉगला क्लोज अँड फ्लश नाही केलं तर शेवटच्या ओळी, म्हणजे प्रोग्राम का मेला ते सांगणाऱ्याच ओळी, जातात.

लिनक्सवर लॉगरोटेट फाइलचं नाव बदलतं, पण प्रोग्रामनं जुनीच फाइल धरून ठेवलेली असते, तो तिच्यातच लिहीत राहतो आणि नवी फाइल रिकामी. जुनी कुणी डिलीट केली तर आणखी अवघड, डिस्क भरत जाते पण फाइल दिसत नाही. एलएसओएफ प्लस मोठा एल एक ही कमांड अशा पुसलेल्या पण धरलेल्या फाइली दाखवते. लॉगरोटेट हायफन डी दिलं की खरं काही न करता काय करणार ते सांगतं. डिस्क बघताना डीएफ हायफन एच बरोबर डीएफ हायफन आय पण बघा, जागा असते आणि आयनोड (फाइलींच्या नोंदीच्या जागा) संपलेले असतात. आरसिसलॉगची (लिनक्सची लॉग गोळा करणारी सेवा) कॉन्फिगरेशन फाइल बदलली की रीस्टार्टच्या आधी आरसिसलॉगडी हायफन मोठा एन एक चालवा, चूक असेल तर ओळ नंबरासकट सांगतंय. जर्नलडी (सिस्टमडीची लॉग सेवा) एका सर्व्हिसकडून ३० सेकंदांत साधारण १०,००० ओळींच्या वर आल्या की बाकीच्या दाबून टाकतं आणि किती दाबल्या ते एका ओळीत लिहितं, जर्नलमध्ये सप्रेस्ड हा शब्द शोधून बघा.

पायरी ७: हे सगळं दरवेळी हातानं करायला लागू नये म्हणून

आत्तापर्यंतचं बिघाड झाल्यावरचं होतं. आता पुढच्या वेळी नऊ दिवस न जाता अर्ध्या तासाच्या आत कळावं यासाठी आम्ही तीन जागी पहारा लावलाय.

प्रोग्राम उठतानाच तपासणी. लॉगबॅकमध्ये स्टेटस मॅनेजरकडून सगळी स्टेटस यादी कोडमधनं मिळते, तिच्यात वॉर्न किंवा एरर असेल तर आम्ही प्रोग्राम उठूच देत नाही. आमच्या जावाच्या प्रोग्राममध्ये एसएलएफफोरजेच्या मागं खरंच लॉगबॅकच बसलंय का हे लॉगर फॅक्टरीच्या क्लासच्या नावावरनं बघतो, दुसरं कुणी दिसलं की तिथंच थांब. लॉगफोरनेटमध्ये रिपॉझिटरीवर कॉन्फिगर्ड नावाची प्रॉपर्टी आहे, ती फॉल्स असेल तर थांबायचं. काही जण म्हणतात लॉगसाठी प्रोग्राम कशाला अडवायचा. उठताना अडवा, चालू असताना नको. उठताना आपण समोर उभे असतो, दुरुस्त करू शकतो.

बिल्डमध्ये टेस्ट. तयार झालेली जार रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवून खरी चालवायची, पायरी १ मधल्या ओळी फाइलमध्ये आल्या का ते ग्रेप करायचं, आणि स्टँडर्ड एररमध्ये एसएलएफफोरजे किंवा स्टेटसलॉगर हे शब्द दिसले तर बिल्ड फेल. पायथनला असर्ट लॉग्ज आहे पण ते स्वतःचा हँडलर लावतं, त्यामुळं ओळ लिहिली जातेय एवढंच कळतं, फाइलपर्यंत पोचली का ते कळत नाही. म्हणून शेवटी फाइल उघडून बघणारी टेस्ट लागतेच.

आणि चालू असताना ठोका. दर पाच मिनिटांनी प्रोग्राम इन्फोची एक ओळ लिहितो, काम असो नसो. ती ज्या अपेंडरमधनं महत्त्वाच्या नोंदी जातात त्याच वाटेनं गेली पाहिजे, वेगळी वाट दिलीत तर ती वाट चालू आणि खरी बंद असं होईल. दुसरी एक छोटी स्क्रिप्ट, या प्रोग्रामशी काही संबंध नसलेली, दर दहा मिनिटांनी फाइलची शेवटची ओळ वाचते आणि ती पंधरा मिनिटांपेक्षा जुनी असेल तर मेसेज पाठवते. नुसती फाइल बदललेली वेळ बघू नका, शेवटच्या ठोक्याच्या ओळीतली वेळ वाचा, कारण एररच्या ओळींनी फाइलची वेळ ताजी राहते आणि इन्फो बंद पडलेली लक्षात येत नाही. लिनक्सला हे क्रॉनवर बसतं, विंडोजला टास्क शेड्युलरवर.

चालू प्रोग्राममध्ये कॉन्फिगरेशन परत वाचायची सोय, लॉगबॅकचं स्कॅन आणि लॉगफोरजे २ चं मॉनिटर इंटर्व्हल, वापरत असाल तर एक जपा. स्कॅनचा काळ दिला नाही तर लॉगबॅक मिनिटाला एकदा बघतं, आणि नव्या फाइलचं एक्सएमएल मोडकं असेल तर आधीच्या चांगल्या कॉन्फिगरेशनवर परत जातं. म्हणजे तुम्ही बदल केला, काही बिघडलं नाही, पण बदल लागूही झाला नाही. हातानं बदल केला की लगेच पायरी १ ची ओळ परत टाकून बघा, त्यासाठी आम्ही ॲडमिन स्क्रीनवर एक बटणच दिलंय.

त्या काट्यावर आता मेसेज येतो तो माझ्या फोनवर आणि क्लार्क मामांच्या फोनवर, दोघांच्याही. मागच्या हंगामात एकदा पहाटे चारला आला, डिस्क भरली होती. मी फोन लावायच्या आत मामांचाच फोन आला, "साहेब, तुमची वही बंद पडलीय, मी माझी चालू केलीय, तुम्ही बघून घ्या." वीस मिनिटांत जागा करून दिली, ठोका परत चालू झाला, आणि मधल्या वीस मिनिटांतल्या अकरा गाड्या मामांच्या वहीत होत्या त्या सकाळी नोंदवून घेतल्या.